उघड्या टपाचा संसार

टप मागे घडी करून ठेवता येणारी, आलिशान आणि वेगवान मोटार तरुण कुटुंबाला मानवते की नाही, हा प्रश्न वरकरणी यंत्रशास्त्राचा वाटत असला, तरी त्याचा मोठा भाग गृहशास्त्रात मोडतो. अशा मोटारीला ‘कन्व्हर्टिबल’ किंवा ‘कॅब्रिओले’ म्हणतात. म्हणजे जिचे छप्पर हवे तेव्हा उघडता आणि नको तेव्हा मिटता येते, अशी मोटार. ‘तरुण कुटुंब’ ही संज्ञा त्यामानाने अवघड आहे. प्रस्तुत विवेचनात ती तिशी-पस्तिशीतले पती-पत्नी, दहा वर्षांखालील दोन अपत्ये आणि वीस वर्षे मुदतीचे गृहकर्ज यांच्या समुच्चयासाठी वापरली आहे. मात्र महाराष्ट्रात सणावारी आणि परगावी जाताना या समुच्चयात एका आजींची भर पडते, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे सारे गणित अडते ते नेमके या आजींपाशी.

चर्चा हवेत राहू नये म्हणून नमुन्यादाखल एक मोटार आणि एक शहर निवडणे इष्ट ठरते. मोटार म्हणून मर्सिडीज-बेंझची ‘सीएलई ३०० कॅब्रिओले’ घेता येईल, जी भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये १ कोटी १० लाख रुपये या शोरूम-किमतीला आली. तिला चार आसने, २५८ अश्वशक्तीचे इंजिन आणि कापडी टप असून, हा टप ताशी ६० किलोमीटरपर्यंतच्या वेगात वीस सेकंदांत उघडतो किंवा मिटतो. शहर म्हणून पुणे सोयीचे आहे, कारण कंपनीचा कारखाना जवळच चाकणला आहे. परंतु हे विशिष्ट मॉडेल परदेशातून तयार होऊनच येत असल्याने चाकणकरांनाही ते इतरांइतकेच क्वचित दिसते. चार आसने असलेल्या गाडीला ‘स्पोर्ट्स कार’ म्हणण्यास दर्दी मंडळींचा आक्षेप असतो आणि त्यांच्या मते खरी स्पोर्ट्स कार दोनच आसनांची असते. तथापि तो निकष मान्य केला, तर मुले घरीच राहतात आणि प्रश्न उद्भवण्याआधीच निकालात निघतो.

मोटारीचा इतिहास पाहता छप्पर ही मूळची वस्तू नसून नंतरची कमाई आहे, असे आढळते. कार्ल बेंझ यांनी १८८६ मध्ये पेटंट घेतलेली तीनचाकी मोटार संपूर्ण उघडी होती, आणि त्यानंतरची तीसेक वर्षे सर्वसामान्य मोटार म्हणजे धूळ खात, टोपी सांभाळत चालवायची गोष्ट होती. बंद मोटार ही श्रीमंतांची चैन समजली जाई. जनरल मोटर्सचे प्रमुख आल्फ्रेड स्लोन यांनी दिलेल्या आकड्यांनुसार अमेरिकेत १९१९ मध्ये बंद मोटारींचे प्रमाण सुमारे १० टक्के होते, ते १९२७ मध्ये ८५ टक्क्यांवर गेले. अशा रीतीने छप्पर सर्वांच्या आवाक्यात आले, आणि जे सर्वांना मिळते त्याचे अप्रूप राहत नाही या न्यायाने, ते काढून टाकण्यासाठी जादा पैसे मोजण्याची प्रथा रुजली. १९३०च्या दशकात प्यूजो कंपनीने धातूचे अख्खे छप्पर विजेच्या साहाय्याने डिकीत गडप करणारी गाडी बाजारात आणली. तिच्यामागची कल्पना ज्या जॉर्ज पोलँ यांची होती, ते पेशाने दंतवैद्य होते, आणि रुग्णांना लावलेली ‘आ’ करण्याची सवय त्यांनी मोटारीलाही लावली, असे म्हणण्यास जागा आहे. या शोधाला एक तांत्रिक बाजूही आहे. छप्पर हा मोटारीच्या सांगाड्याचा ताठपणा राखणारा भाग असल्यामुळे तो काढला की खालचा भाग मजबूत करावा लागतो, आणि म्हणून छप्पर नसलेली गाडी त्याच जातीच्या छपराच्या गाडीपेक्षा वजनाने बहुधा भारी भरते. थोडक्यात, छप्पर वजा केले असता वजन आणि किंमत या दोहोंत वाढ होते.

तरुण कुटुंबात हा प्रश्न प्रथम कोण उपस्थित करतो, याबाबत फारसे मतभेद नाहीत. तो वडील उपस्थित करतात, आणि बहुधा चाळिशी दृष्टिपथात आल्यावर करतात. मात्र ‘मला हवी आहे’ असे वाक्य या प्रकरणात कधीही उच्चारले जात नाही; मुलांना मोकळी हवा मिळेल, सुट्टीत सर्वांना एकत्र फिरता येईल, असा परोपकारी सूर लावला जातो. पुढच्या टप्प्यात सुरक्षिततेचा विषय निघतो, आणि १९८९च्या मर्सिडीज ‘एसएल’ गाडीत उलटण्याचा धोका जाणवताच ०.३ सेकंदात आपोआप उभी राहणारी संरक्षक कमान होती, ही माहिती भाजी चिरणाऱ्या पत्नीला पुरवली जाते. पत्नीचा प्रतिवाद बहुतेक घरांत एका वाक्याचा असतो: “ते सगळं ठीक आहे रे, पण आई कुठे बसणार?” या वाक्यातील ‘आई’ म्हणजे पतीची आई असल्यामुळे त्याला ते खोडून काढता येत नाही, आणि त्यातच या प्रश्नाचे सामर्थ्य आहे.

तो प्रश्न शास्त्रीयदृष्ट्याही बिनतोड आहे. चार आसनांपैकी एक चालकाचे आणि मागची दोन मुलांची. उरलेल्या एका आसनासाठी पत्नी आणि आजी असे दोन उमेदवार राहतात, आणि आजी उभ्या असतील तर ती निवडणूक बिनविरोध होते. अशा वेळी सहकुटुंब सहल पत्नीला वगळून काढावी लागते. शिवाय या गाडीचे आसन जमिनीलगत असते. आजींना त्यात बसवणे हे गुरुत्वाकर्षणाचे काम असून, बाहेर काढणे हे नातेवाइकांचे असते.

मुलांच्या बाबतीत कायद्याचाही विचार करावा लागतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा बालआसनात बांधलेले असणे आवश्यक असून, तसे नसल्यास १,००० रुपये दंड आहे. बालआसन म्हणजे मुलाच्या आकाराची स्वतंत्र खुर्ची. ती ‘आयसोफिक्स’ या आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार गाडीच्या आसनात बसवलेल्या लोखंडी कड्यांना अडकवतात. ही व्यवस्था चार दारांच्या गाडीत साधी, तर दोन दारांच्या गाडीत योगसाधनेच्या कोटीतली ठरते. मूल दोन वर्षांचे, वजन बारा किलो आणि अवस्था गाढ झोपेची आहे, असे गृहीत धरावे. दोन दारांच्या गाडीचे दार लांब असते आणि शेजारी कोणीतरी गाडी लावलेली असल्यामुळे ते वीतभरच उघडते. त्या फटीतून हात घालून बटण दाबले की पुढचे आसन विजेवर, आपल्या किमतीला साजेशा संथपणे, पुढे सरकू लागते. मग एक पाय आत, एक पाय रस्त्यावर, मूल खांद्यावर आणि डोके टपाच्या कडेखाली अशा स्थितीत वडिलांनी मुलाला बालआसनात टेकवायचे असते. टेकवल्यावर लक्षात येते की पट्ट्याचे एक टोक मुलाच्याच पाठीखाली गेले आहे. ते ओढून काढताना मूल जागे होते, वडिलांच्या कंबरेत काहीतरी लचकते आणि मागच्या गाडीचा हॉर्न वाजतो. टप उघडा असेल तर मात्र विहिरीत घागर सोडावी तसे मूल वरून अलगद आत सोडता येते; कन्व्हर्टिबलचा कुटुंबाला होणारा हा एकमेव व्यवहारी उपयोग म्हणून नोंदवावा लागेल.

यानंतर सामानाचा विचार येतो. प्रस्तुत गाडीच्या डिकीत टप मिटलेला असताना ३८५ लिटर जागा असते. टप उघडला की तो घडी होऊन डिकीतच मुक्कामाला येत असल्यामुळे ती २९५ लिटरवर येते. म्हणजे आकाशाचा दर नव्वद लिटर पडतो. आता तान्हे मूल असलेल्या कुटुंबाची जंत्री पाहिली, तर तीत घडीची बाबागाडी, लंगोटांची पिशवी, दुधाच्या बाटल्या, गरम पाण्याचा थर्मास, कपड्यांचे दोन जादा जोड, त्या जोडांवरही उलटी झाली तर म्हणून तिसरा जोड, आणि खाऊचे तीन डबे असतात. जाताना एवढे सामान कोंबून बसवता येतेही. परंतु मे महिन्यात कोकणातून परतताना त्यात हापूसची पेटी, कोकमाची बरणी आणि काकूंनी आग्रहाने दिलेला एक फणस यांची भर पडते, आणि काकूंच्या फणसाला नाही म्हणण्याची सोय अद्याप कोणत्याही कंपनीने पुरवलेली नाही. फणस डिकीत ठेवायचा तर टप मिटावा लागतो, टप उघडा ठेवायचा तर फणसाला मागच्या आसनावर बसवून पट्टा बांधावा लागतो, आणि आसनांचा हिशेब आधीच मांडून झालेला आहे.

हवामानाने या गाडीवर विशेष मर्यादा घातली आहे. पुण्यात मार्च ते मे या काळात पारा चाळिशीच्या आसपास फिरतो आणि चामड्याची आसने तव्याशी स्पर्धा करतात. जून ते सप्टेंबर पावसाचा, आणि ऑक्टोबर त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उष्म्याचा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी असे चार महिने उरतात, त्यांतही पहाटे बोचरी थंडी असते आणि संध्याकाळी रहदारीचा धूर, त्यामुळे सकाळी आठ ते दहा एवढाच मुहूर्त निष्पन्न होतो. आणि त्या वेळी कामाच्या दिवशी सारे कुटुंब शाळेच्या बसमागे धावत असते. थंडीवर उपाय म्हणून कंपनीने २००४ मध्ये ‘एसएलके’ या गाडीत ‘एअरस्कार्फ’ ही सोय आणली, जीत आसनाच्या डोके टेकण्याच्या भागातून मानेभोवती गरम हवा सोडली जाते. हेच कार्य महाराष्ट्रात कानटोपी पिढ्यान्‌पिढ्या पार पाडत आली असून, तीत कानांचीही सोय असते आणि तिला वीज लागत नाही. पावसाबाबत वीस सेकंदांचा अवधी पुरेसा असल्याचे सांगितले जाते. तथापि जुलैमधली सर एवढी पूर्वसूचना देत नाही, आणि वेग साठच्या वर असेल तर टप हलतच नसल्याने, पावसातून लवकर सुटण्यासाठी आधी हळू व्हावे लागते.

रस्त्यांच्या संदर्भात दोन मर्यादा उल्लेखनीय आहेत, एक उंचीची आणि दुसरी वेगाची. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकाप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे हळूहळू चढणारा व उतरणारा असावा. प्रत्यक्षातला गतिरोधक ही लोककला आहे. ती गल्लीगणिक बदलते, तिचा कर्ता अज्ञात असतो आणि ती रातोरात प्रकट होते. स्पोर्ट्स कारचे पोट जमिनीपासून साधारण ११ ते १३ सेंटिमीटरवर असते, आणि हे माप गाडी रिकामी असतानाचे आहे. चार माणसे आणि एक फणस यांच्यासह ती गतिरोधकावरून जाताना जो आवाज येतो, तो ऐकून वडिलांच्या चेहऱ्यावर उमटणारे दुःख मुलाच्या गुडघ्याला खरचटल्यावर उमटणाऱ्या दुःखापेक्षा थोडे अधिक असते, हे पत्नीच्या नजरेतून सुटत नाही. वेगाचे म्हणावे तर गाडीची क्षमता ताशी २५० किलोमीटर आहे, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीला १०० ची, तर घाटात ६० ची मर्यादा आहे. म्हणजे दीडशे किलोमीटर दर तासाला पडून राहतात. घाटातील मर्यादा आणि टप हलवण्याची मर्यादा एकच असल्यामुळे बोरघाटात छप्पर उघडण्याचा मोह होतो. पण तिथे मोकळी हवा म्हणून जे आत येते, त्यात पुढच्या ट्रकच्या तापलेल्या ब्रेकचा वाटा मोठा असतो.

आतापर्यंतच्या सर्व अडचणी पैसे किंवा कंबर खर्चून निभावता येतील. परंतु उघड्या गाडीत कौटुंबिक खासगीपणाचे जे होते, त्याला उपाय नाही. बंद मोटार ही मध्यमवर्गीय संसारातली भांडणाची हक्काची खोली आहे. सासरच्या माणसांबद्दलचे स्पष्ट बोलणे, शाळेच्या फीवरची चर्चा आणि ‘उजवीकडे वळ म्हटलं होतं मी’ या विधानाचे सर्व उपप्रकार तिच्या काचांआड सुरक्षित राहतात. टप उघडला की हे सारे सार्वजनिक होते. कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला अशी गाडी थांबली, की उजवीकडचा दुचाकीस्वार तिचा ‘ॲव्हरेज’ विचारतो, म्हणजे ती एक लिटर पेट्रोलमध्ये किती किलोमीटर जाते याची चौकशी करतो, आणि उत्तर ऐकून सांत्वनपर मान हलवतो. डावीकडची स्कूटरवरची काकू मुलाला टोपी का घातली नाही, असे पत्नीला विचारते. आणि पीएमपीच्या बसच्या खिडकीतून खाली पाहणारे गृहस्थ उजवीकडे वळण्याच्या वादात पत्नीची बाजू घेतात. सिग्नल नव्वद सेकंदांचा असेल, तर छप्पर मिटून वाद पुरा करण्यास सत्तर सेकंद मिळतात; परंतु भर वादात छप्पर मिटू लागणे हीच वादाची सर्वांत मोठी जाहिरात ठरते.

आर्थिक अंगाचा परामर्श थोडक्यात घेता येतो, कारण तो तरुण वडीलही थोडक्यातच घेतात. खरेदी किमतीवर एकरकमी मोटार वाहन कर लागतो. महाराष्ट्रात या कराला कमाल मर्यादा असून ती २० लाख रुपये होती, ती २०२५-२६ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाख करण्यात आली. ज्या कराला वरून मर्यादा घालावी लागते, तो आपल्या अंथरुणात मावणारा नाही, हे पाय पसरण्यापूर्वी ओळखण्यास एवढी एक खूण पुरेशी आहे. हौसेला मोल नसते, हे वचन खरे आहे. मात्र तिला विमा, टायर आणि सर्व्हिसिंग असते.

असे असले, तरी विरुद्ध पक्षाला एक ऐतिहासिक पुरावा उपलब्ध आहे, आणि तो दुर्लक्षिणे अशास्त्रीय ठरेल. मोटारीतून जगातला पहिला लांबचा प्रवास उघड्या गाडीतून आणि मुलांसह झाला. ऑगस्ट १८८८ मध्ये कार्ल बेंझ यांची पत्नी बेर्था यांनी पंधरा आणि तेरा वर्षांच्या दोन मुलांना घेऊन, पतीला न सांगता, त्याचीच मोटार बाहेर काढली आणि मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचे अंतर कापले. वाटेत इंधन संपले तेव्हा त्यांनी वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून डाग काढण्याचे द्रावण विकत घेऊन ते टाकीत ओतले. इंधनाची नळी तुंबली तेव्हा टोपीला लावण्याच्या पिनेने ती मोकळी केली. ब्रेक झिजले तेव्हा चांभाराकडून त्यांना चामडे ठोकून घेतले. आणि चढ आला तेव्हा मुलांनी गाडी ढकलली. बेर्था यांच्या आईचे गाव फोर्त्सहाइम होते. म्हणजे मोटारीच्या इतिहासातला पहिला लांबचा पल्ला माहेरी जाण्यासाठी गाठला गेला, ही गोष्ट महाराष्ट्रीय वाचकाला मुळीच अनपेक्षित वाटणार नाही. उघड्या गाडीच्या बाजूने बोलणारे वडील हा दाखला उत्साहाने देतात. परंतु त्यातून सिद्ध काय होते, हे पाहणे अगत्याचे आहे. त्या प्रवासात टप नव्हता, डिकी नव्हती, आणि नवराही नव्हता. प्रवास यशस्वी होण्यात यांपैकी कोणत्या अभावाचा वाटा किती, हे ठरवणे कठीण आहे.

सर्व बाजू लक्षात घेता, या प्रश्नाचे खरे उत्तर वयाच्या तक्त्यात दडलेले आढळते. तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला उघड्या गाडीत ऊन, वारा आणि झोप यांपैकी दोन गोष्टी सोसत नाहीत आणि तिसरी मिळत नाही. बाराव्या वर्षानंतर गुडघे मागच्या आसनात मावत नाहीत, आणि त्याहून मोठी अडचण म्हणजे आईवडिलांसह लोकांना दिसणे हेच संकट वाटू लागते. ज्या गाडीत चारही बाजूंनी दिसण्याखेरीज दुसरे काही घडत नाही, तीत असे मूल कानात इअरफोन घालून आसनाखाली सरकते. उरते ते चार ते अकरा हे वय. या वयातले मूल मागच्या आसनात बरोबर मावते, त्याला गाडीची किंमत ठाऊक नसते, टप मागे जाताना पाहण्यातला आनंद त्याला विसाव्यांदाही पहिल्याइतकाच होतो, आणि झाडे वरून धावताना पाहण्यासाठी मान मागे टाकण्याची लाज त्याला वाटत नाही. गाडीचा निखळ दर्दी कुटुंबात कोणी असेल तर तो हाच. परंतु नेमकी हीच वर्षे गृहकर्जाच्या हप्त्यांची, शाळेच्या देणग्यांची आणि आजींच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची असतात. हप्ते फिटून हाती पैसा खुळखुळू लागतो, तोवर दर्दी परदेशी शिकायला गेलेला असतो. दात आहेत तर चणे नाहीत, या म्हणीचे चार चाकांवरचे इतके नेमके उदाहरण दुसरे मिळणार नाही.

या पेचातून भारतीय बाजाराने काढलेली तडजोड म्हणजे सनरूफ, अर्थात पक्क्या छपराला ठेवलेली काचेची खिडकी. सात आसनांच्या गाडीला सनरूफ असला की आजींना आसन, फणसाला डिकी आणि वडिलांना आकाशाचा एक चौकोन मिळतो. त्या चौकोनातून मुलाला उभे करण्याची जी पद्धत पडली आहे, ती जिवावर बेतणारी असल्याने सोडून द्यावी, एवढी सूचना पुरे. पण सनरूफने हौस भागत नाही, हे या तडजोडीवर सही करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते, आणि म्हणून मूळ प्रश्नाचा निकाल स्पष्ट शब्दांत देणे आवश्यक आहे. कन्व्हर्टिबलचे सर्व लाभ मिनिटांच्या हिशेबाने येतात: हिवाळ्यातली एखादी रविवारची सकाळ, मोकळा रस्ता, वीस सेकंदांचे नाट्य आणि मागच्या आसनावरची एक आरोळी. तिचे सर्व खर्च मात्र वर्षांच्या हिशेबाने येतात. जी वस्तू वर्षातून मोजके तास हवी असते आणि उरलेले सर्व तास सांभाळावी लागते, ती स्वतःची असण्यापेक्षा जवळच्याची असणे केव्हाही श्रेयस्कर. तेव्हा टप उघडणारी आलिशान मोटार तरुण कुटुंबाला मानवते, असाच निष्कर्ष निघतो. अट एवढीच, की ती मेहुण्याच्या नावावर असावी.